त्याच्या मनातलं पान

लग्न ठरवायचं म्हटलं की आपल्याकडे आधी प्रश्न विचारले जातात आणि मग माणसं भेटतात. पत्रिका जुळते का, नाडी एक तर नाही ना, मंगळ आहे का, हे सगळं बघून झालं की मग कांदेपोहे. आमचं वैराग म्हणजे बार्शी-सोलापूर रस्त्यावरचं बाजाराचं गाव. इथे बऱ्याच घरांत अजून हाच क्रम चालतो. पण गेल्या काही वर्षांत त्यात एक नवी गोष्ट शिरली आहे आणि ती घरातल्या मोठ्यांच्या नजरेला सहसा पडत नाही. रात्री जेवणं उरकल्यावर मुलगी अंथरुणावर पडल्या पडल्या मोबाइल उघडते. पडद्यावर कुणाचे तरी हात पत्ते पिसत असतात आणि एक गोड आवाज सांगत असतो, ‘तीन गठ्ठ्यांपैकी एक निवडा. त्याच्या मनात तुमच्याविषयी काय आहे, ते आज आपण पाहू.’

हे टॅरो कार्ड. मी शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. आता निवृत्त आहे, पण जुन्या विद्यार्थिनी घरी येतात, बसतात आणि बोलता बोलता मनातलं काढतात. त्यांच्या बोलण्यात हे पत्ते वारंवार यायला लागले, तेव्हा मी पुण्याच्या भाचीकडून एक कॅट मागवला, पुस्तकं वाचली आणि हा प्रकार समजून घेतला. टॅरोची मांडणी दोन माणसांच्या नात्याविषयी काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, एवढंच आज बोलायचं आहे. विषय हलका वाटेल, पण त्यावरून ठरलेली लग्नं मोडायला निघालेली मी पाहिली आहेत.

डावाचे पत्ते

टॅरो म्हणजे मुळात खेळायचे पत्ते. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ते तयार झाले. मिलानच्या सरदार घराण्यांसाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेले त्या काळचे पत्ते आजही संग्रहालयांत आहेत. त्यांवर डाव मांडले जात, हातांची मोजणी होई, हार-जीत होई. आपल्या सावंतवाडीची गंजिफा आठवा. गोल, लाखेच्या कामाचे ते पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकी बारा पानं, म्हणजे १२० पत्ते असतात. पत्त्यांवर देव आहेत, तरी गंजिफा हा खेळच राहिला. टॅरोचं तसं झालं नाही.

१७८१ साली पॅरिसमध्ये कूर द जेबलँ नावाच्या विद्वानानं लिहिलं, की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुजाऱ्यांचं गुप्त ज्ञान आहे. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती. ती उलगडली १८२२ साली, शाम्पोल्याँच्या हातून. त्यामुळे जेबलँला खोडून काढणारं तेव्हा कुणी नव्हतं. थोड्याच वर्षांत ‘एत्तेला’ या नावानं लिहिणाऱ्या एका फ्रेंच माणसानं या पत्त्यांवरून भविष्य सांगायची पद्धत छापली आणि तिथून पुढे टॅरो डावाऐवजी भविष्यासाठी ओळखलं जाऊ लागलं. म्हणजे टॅरोवरचं भविष्य फार प्राचीन नाही. जेमतेम अडीचशे वर्षांचं आहे.

आज मोबाइलवर जे पत्ते दिसतात, त्यांतले बहुतेक १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या कॅटावरून आलेले आहेत. आर्थर एडवर्ड वेट यांनी कल्पना दिली आणि पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीनं चित्रं काढली. एकूण पत्ते ७८. त्यांतले ५६ आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखे, चार रंगांचे. फक्त बदाम, इस्पिक, किलवर, चौकट यांच्या जागी पेले, तलवारी, काठ्या आणि नाणी, आणि प्रत्येक रंगात तेराऐवजी चौदा पानं. उरलेले २२ पत्ते वेगळे. त्यांवर सम्राट, संन्यासी, चंद्र, सूर्य, मृत्यू, प्रेमी अशी चित्रं असतात. पामेलाबाईंचं मोठं काम असं, की त्यांनी साध्या आकड्यांच्या पानांवरही माणसं आणि प्रसंग काढले. पाच नाण्यांच्या पानावर बर्फातून चाललेली दोन गरीब माणसं आहेत. आठ तलवारींच्या पानावर डोळे बांधलेली एक बाई उभी आहे. चित्रात गोष्ट आली की पाहणारा आपली गोष्ट तिच्यात घालतो. टॅरोची सगळी ताकद इथे आहे आणि सगळा धोकाही इथेच आहे.

मांडणी म्हणजे काय

पत्ते पिसून काही पानं ठरावीक जागांवर मांडायची, याला इंग्रजीत स्प्रेड म्हणतात. आपण मांडणी म्हणू. मांडणीत प्रत्येक जागेला एक प्रश्न नेमून दिलेला असतो. पान नंतर येतं, प्रश्न आधी तिथे बसलेला असतो. नवख्या माणसाचं सगळं लक्ष पानाकडे असतं. खरं पाहायला हवं ते जागेकडे.

सर्वांत साधी मांडणी तीन पानांची: मी, तू आणि आपण. वेट यांनी आपल्या पुस्तकात दिलेली दहा पानांची मांडणी जास्त प्रसिद्ध आहे. तिला ‘सेल्टिक क्रॉस’ म्हणतात. तिच्यातली एक जागा मला फार शहाणपणाची वाटते. तिथे आशा आणि भीती या दोन्हींसाठी मिळून एकच पान ठेवतात. मुलीला नवऱ्याबरोबर पुण्याला जायची आशा असते आणि पुण्याला जावं लागेल याचीच भीतीही असते. दोन्ही एका जागी बसतात, हे ज्यानं ओळखलं त्यानं माणसं पाहिलेली असणार.

नात्यासाठी पाच पानांची एक मांडणी खूप वापरतात. पहिली जागा, मी या नात्यात कशी आहे. दुसरी, तो कसा आहे. तिसरी, आम्हाला काय जोडतं. चौथी, आमचं कुठे अडतं. पाचवी, आता पुढे काय. प्रश्न चांगले आहेत. लग्नाआधी दोघांनी एकमेकांना विचारावेत असेच आहेत. पण दुसऱ्या जागेत एक खोट आहे, ती मी पुढे सांगते.

आपल्या जुन्या पद्धतींशी याची तुलना केली तर फरक लगेच कळतो. तुळजापूर आमच्यापासून फार दूर नाही. तिथे भवानीच्या देवळात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. त्यावर हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार, जागचा हलला नाही तर कामाला वेळ लागेल, अशी श्रद्धा आहे. प्रश्न हो किंवा नाही असाच असावा लागतो. पत्रिकेचं गणित निराळं. वर्णाचा १ गुण, वश्याचे २, तारेचे ३, असं करत नाडीच्या ८ गुणांपर्यंत ३६ ची बेरीज होते आणि १८ च्या वर गेलं की जुळलं म्हणतात. इथे जन्मवेळ ठरली की निकाल ठरला. मुलगा-मुलगी एकमेकांशी बोलली काय किंवा न बोलली काय, बेरजेत फरक पडत नाही. बाजारात पोपटवाला बसायचा, त्याचा पोपट पाकीट ओढायचा आणि चिठ्ठीतला मजकूर वाचला की काम संपायचं.

टॅरोच्या मांडणीत हो-नाही नाही आणि बेरीजही नाही. तिथे पाच प्रश्न आणि पाच चित्रं समोर येतात आणि त्यांना जोडून अर्थ लावायचं काम माणसावर पडतं. म्हणून शिकलेल्या मुलामुलींना ती जवळची वाटते. पत्रिका आई-वडिलांच्या हातात असते. हे पत्ते त्यांच्या स्वतःच्या हातात असतात.

ते खरं का वाटतं

‘पण बाई, अगदी माझंच सांगतात हो!’ हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. त्याचं उत्तर १९४८ साली अमेरिकेत मिळालं आहे. बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन म्हणून एक कागद दिला. किती जुळतं, याला पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी आली ४.२६. मग त्यानं सांगितलं, की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता आणि त्यातली वाक्यं रस्त्यावर विकत मिळणाऱ्या राशिभविष्याच्या पुस्तकातून उचलली होती. लोकांनी आपल्याला मानावं असं तुम्हाला वाटतं, वरून तुम्ही खंबीर दिसता पण आत काळजी असते, अशी ती वाक्यं. ती कुणाला लागू पडणार नाहीत?

भविष्य सांगणाऱ्यांची आपल्या महाराष्ट्रातही एक चाचणी झाली आहे. ती टॅरोची नव्हती, पत्रिकेची होती. पण मुद्दा जवळचा आहे. २००८ साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. त्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरही होते. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० पत्रिका पाठवल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. उत्तरं पाठवली ती २७ जणांनी. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण आलं ४६ टक्के. नाणं उडवून सांगितलं असतं, तरी साधारण ५० टक्के आलं असतं.

पत्त्यांचं गणित तर घरीच करता येतं. ७८ पत्त्यांतून क्रमानं तीन पानं मांडायचे प्रकार होतात ७८ गुणिले ७७ गुणिले ७६, म्हणजे ४,५६,४५६. आज रात्री जो प्रश्न विचारला, तोच उद्या विचारला तर तीच तीन पानं त्याच जागी येण्याची शक्यता साडेचार लाखांत एक. प्रियकराचं मन एका रात्रीत इतकं बदलत नसतं. बदलतं ते पिसणं.

तेव्हा पत्त्यांत दुसऱ्याचं मन दिसत नाही. इथे विषय संपला असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही, कारण पत्ते बघणारी मुलगी खरी असते आणि तिची काळजीही खरी असते.

एकाच पानाचे दोन अर्थ

माझी एक जुनी विद्यार्थिनी. नाव सांगत नाही. साखरपुडा झालेला, लग्न तुळशीच्या लग्नानंतर, कार्यालयाची आगाऊ रक्कम भरलेली. मुलगा शेजारच्या गावचा, चाकणला कंपनीत कामाला. पावसाळ्यात त्याचे फोन कमी झाले. आधी रोज दोन वेळा यायचा, मग दोन दिवसांनी एकदा, तोही घाईत. तिनं पत्त्यांच्या चित्रफिती बघायला सुरुवात केली. पहिल्या रात्री तीन तलवारींचं पान आलं. लाल काळजात आरपार घुसलेल्या तीन तलवारी आणि मागे पाऊस. दुसऱ्या रात्री प्रेमी आले. तिसऱ्या रात्री चंद्र. पडद्यावरच्या बाईंनी त्याचा अर्थ ‘काहीतरी लपवलं जातंय’ असा सांगितला. तिनं दुसरी रात्र सोडून दिली आणि पहिली-तिसरी जोडून घेतली. त्याचं दुसरीकडे जमलंय असं पक्कं केलं आणि आईला म्हणाली, ‘लग्न मोडा.’

ती माझ्याकडे आली ती हे मोडणं बरोबर आहे ना, एवढं पत्त्यांवर बघायला. मी म्हटलं, तो इथे नसताना त्याच्याबद्दल मी एकही पान उलटणार नाही. तो आल्यावर मांडू.

दिवाळीच्या सुट्टीत दोघं आली. तिचा भाऊ ओसरीवर बसला होता. मी पाच पानांची मांडणी घेतली, पण दुसरी जागा बदलली. मघाशी म्हटलेली खोट ती हीच. ‘तो कसा आहे’ याचं उत्तर पानाकडे नसतं. म्हणून मी तिथे ‘तो मला कसा दिसतो’ असा प्रश्न ठेवला. तो तिनंही सांगायचा आणि त्यानंही तिच्याबद्दल सांगायचा. दुसरा नियम असा, की अर्थ मी सांगणार नाही. चित्रात काय दिसतं ते प्रत्येकानं आपल्या शब्दांत सांगायचं, दुसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही.

चौथ्या जागी, ‘आमचं कुठे अडतं’ या प्रश्नावर, संन्याशाचं पान आलं. डोंगरमाथ्यावर एकटा म्हातारा, हातात कंदील. ती म्हणाली, ‘हा सगळ्यांना सोडून वर जाऊन बसलाय. याला कुणी नको आहे.’ तो बराच वेळ चित्राकडे बघत होता. मग म्हणाला, ‘मला तर तो अंधारात काहीतरी शोधत फिरतोय असं वाटतं.’ मी विचारलं, काय? तो म्हणाला, ‘काम.’ कंपनीनं त्याला श्रावणातच कमी केलं होतं. तीन महिने तो मित्रांच्या खोलीवर राहून कामाची चौकशी करत होता. सासरी कळलं तर लग्न मोडेल, या भीतीनं फोन टाळत होता. घरीही सांगितलं नव्हतं, कारण वडिलांनी लग्नासाठी सोसायटीचं कर्ज काढलेलं.

आता कुणी म्हणेल, बघा, पत्त्यांनी बरोबर सांगितलं! मुळीच नाही. त्या जागी तलवारी आल्या असत्या, पेले आले असते, तरी त्याच्या मनात काम हाच एक विषय होता. तो त्याच चित्रात काम पाहणार होता. तिच्या मनात संशय होता, तिनं संशय पाहिला. पानानं केलं ते इतकंच, की दोघांना एकमेकांच्या तोंडाकडे न बघता, समोरच्या कागदाकडे बघून बोलता आलं. आपल्याकडे साखरपुडा झालेल्या मुलाला ‘माझी नोकरी गेली’ हे वाक्य होणाऱ्या बायकोच्या डोळ्यांत बघून म्हणायला फार जड जातं.

पुढे दोन्ही घरांत बोलणी झाली, आवाज चढले. कार्यालयाची अर्धी रक्कम बुडाली. मुलानं बार्शीत एका दुकानात हिशेबाचं काम धरलं. पगार आधीच्या निम्मा. लग्न वैशाखात मुलीच्या दारात झालं. अडचण संपली असं मी म्हणणार नाही, पैशाची ओढाताण आजही आहे. पण ती आता दोघांना माहीत आहे.

उत्तर कुणाकडे आहे

या अनुभवानंतर मी माझ्याकडे येणाऱ्या मुलींना एक सवय लावते. मनात जेवढे प्रश्न आहेत तेवढे कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे त्याचं उत्तर कुणाकडे आहे ते लिहा. चार रकाने पुरतात.

पहिला रकाना कागदपत्रांचा. मुलाच्या जमिनीवर कर्ज आहे का, हा प्रश्न पत्त्यांना विचारू नये. सातबारा काढावा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा ‘इतर अधिकार’ या रकान्यात नोंदलेला असतो. शिक्षण, वय, आधीचं लग्न याही गोष्टींना कागद असतात.

दुसरा रकाना डॉक्टरांचा. थॅलेसेमियाचंच घ्या. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला गंभीर आजार होण्याची शक्यता चारात एक असते आणि वाहक आहे की नाही ते लग्नाआधी रक्त तपासून कळतं. नाडीच्या आठ गुणांवर रात्र जागवणाऱ्या घरांनी ही तपासणी आधी करावी.

तिसरा रकाना समोरच्या माणसाचा. त्याला मी आवडते का, त्याला मुलं कधी हवीत, माझी नोकरी लग्नानंतर चालेल का, सासू-सासऱ्यांबरोबर राहायचं की वेगळं. ही उत्तरं त्याच्याकडेच आहेत. तो खोटं बोलू शकतो, हे खरं. पण खोटं बोलणारा माणूस दहा वेळा बोलला की सापडतो. पत्ता खोटंही बोलत नाही आणि खरंही बोलत नाही, म्हणून तो कधीच सापडत नाही.

चौथा रकाना आपला स्वतःचा. मला या माणसाबरोबर राहायचं आहे का? मी हो म्हणते आहे ते आवडला म्हणून, की वय वाढत चाललं म्हणून? मी कशाला घाबरते आहे? टॅरोची मांडणी काही कामाची असेल तर ती या चौथ्या रकान्यासाठी. चित्र समोर धरलं की आपल्याच मनातली गोष्ट आपल्या तोंडून ऐकू येते.

प्रेमींचं पानच बघा. पामेलाबाईंच्या चित्रात एक स्त्री, एक पुरुष आणि वर देवदूत आहे. पाहणाऱ्याला वाटतं, जमलं! पण त्याआधीच्या जुन्या फ्रेंच पत्त्यांत याच पानावर एक तरुण दोन स्त्रियांच्या मध्ये उभा असतो आणि वर मदन बाण रोखून असतो. तिथे ते पान निवडीचं आहे. नाव तेच, क्रमांक तोच, सहावा, आणि चित्र बदललं की अर्थही बदलला. अर्थ पत्त्यात कोरलेला असता तर असं झालं नसतं. मृत्यूच्या पानाचंही तेच. ते आलं की मुली पांढऱ्या पडतात, पण टॅरोवरच्या पुस्तकांतही त्याचा अर्थ बहुधा जुनं संपून नवं सुरू होणं असाच दिलेला असतो. घरी कुणाचं काही होणार असं सांगून जो पैसे मागतो, त्याच्यापासून लगेच उठावं. एक मांडणी झाली, की तिच्यातला दोष काढायला तोडगा, मग त्या तोडग्याची पूजा, मग दर पौर्णिमेला आणखी काही, अशी साखळी सुरू झाली तर पुढचा बळी आपली बचत आहे हे ओळखावं.

आणि काही वेळा पत्ते उघडूच नयेत. एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. नवरा मारत होता. त्यांना विचारायचं होतं, ‘तो बदलेल का?’ मी कॅट कपाटातून काढला नाही. असल्या प्रश्नावर ‘आशा’ सांगणारं एखादं पान आलं, तर ती बाई आणखी दोन वर्षं मार खाईल. घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आहे. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. हुंड्याची मागणी, धमकी, मारहाण, पाळत ठेवणं, यांत समजून घेण्यासारखं गूढ काही नसतं. मी त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत गेले.

घरी करून बघायचं असेल तर

ज्यांना पत्त्यांचं कुतूहल आहे त्यांनी ते जरूर भागवावं. चित्रं सुंदर आहेत. पण काही पथ्यं पाळावीत. प्रश्नाची सुरुवात ‘तो’ या शब्दानं होत असेल तर ती ‘मी’नं होईल असा बदल करावा. ‘तो मला सोडून जाईल का’ याऐवजी ‘तो सोडून गेला तर मी काय करीन’ असं विचारावं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता येतं आणि ते दिलं की पहिल्याची भीतीही थोडी कमी होते. एक प्रश्न एका महिन्यात एकदाच मांडावा. मनासारखं पान येईपर्यंत पिसत राहणं म्हणजे स्वतःशीच लबाडी. जो माणूस हजर नाही त्याच्या मनाबद्दल पान उलटू नये. आणि मांडणी झाल्यावर काय ठरवलं ते एका ओळीत लिहावं. ती ओळ समोरच्या माणसाला वाचून दाखवण्यासारखी नसेल, तर थांबून पुन्हा विचार करावा.

टॅरोचा कॅट नसला तरी काही अडत नाही. आमच्याकडे मी हल्ली पाच कोऱ्या चिठ्ठ्या वापरते. प्रत्येकीवर एक प्रश्न: मी कशी आहे, तू मला कसा दिसतोस, आपल्याला काय जोडतं, आपलं कुठे अडतं, उद्या सकाळी आपण काय करायचं. शेवटचा प्रश्न मी मुद्दाम ‘पुढे काय होईल’ असा ठेवलेला नाही. पुढे काय होईल ते कुणालाच माहीत नसतं. उद्या सकाळी काय करायचं ते मात्र दोघांना मिळून ठरवता येतं. चिठ्ठ्या उलट्या ठेवायच्या, एक-एक उचलायची, आधी एकानं बोलायचं, मग दुसऱ्यानं. अर्ध्या-पाऊण तासात होतं.

लग्नं ठरवणाऱ्या आई-वडिलांनाही एक विनंती. मुलगी रात्री मोबाइलवर पत्ते बघते म्हणून तिच्यावर रागावू नका. ती अनोळखी बाईला जे विचारते आहे, ते तिला घरात विचारता आलेलं नाही. साखरपुडा आणि लग्न यांच्यामध्ये मुला-मुलीला चार वेळा निवांत बोलू द्या. तुम्ही बाहेर ओसरीवर बसा, हवं तर चहाही पाठवा, पण दार थोडं लोटून घ्या.